ऑइल बदलूनही पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊच का लागतो?

जुन्या मोटारसायकलचे ब्रेक ऑइल बदलल्यानंतरही लिव्हर हँडलपर्यंत येत असेल, तर बहुधा हवा मास्टर सिलिंडरपाशी (लिव्हरजवळचा, ऑइलची छोटी टाकी असलेला पंप), होजच्या बँजो बोल्टजवळ (ऑइलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) अडकलेली असते. हवा वर चढते आणि आपण ती खालून, कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) ब्लीडरमधून, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूमधून काढू पाहतो. हँडल वळवून मास्टर सिलिंडर सर्वांत उंच करावा आणि झाकण उघडून लिव्हर अगदी थोडा, हळूहळू दाबत राहावा. टाकीच्या तळाच्या बारीक छिद्रातून बुडबुडे येताना दिसतील. ते छिद्र गाळाने बुजले असेल, तर हवा निघत नाहीच, शिवाय चाकही जाम होऊ लागते, म्हणून ते आधी साफ करावे.

मग ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ऑइलमध्ये बुडवावे, लिव्हर दाबून धरावा, ब्लीडर पाव फेरा उघडावा, तो बंद केल्यावरच लिव्हर सोडावा. मास्टर सिलिंडरच्या टाकीतील ऑइलची पातळी मात्र खाली जाऊ देऊ नये, नाहीतर सगळे पुन्हा करावे लागते.

झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल सीलबंद बाटलीतून घ्यावे. डॉट ४ दर्जाचे ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळते, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ते रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

हवा निघूनही, सतत दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर सील झिजले आहेत. ते बदलेपर्यंत कृपया गाडी चालवू नका.