आईच्या ठेवी मोडा, नोकरी सोडू नका

पुण्यातल्या सरकारी संस्थेत तुम्ही रिसर्च असोसिएट, मानधन ६७,००० रुपये, प्रकल्पाची दीड वर्षं उरलेली. ७२ वर्षांच्या आईला पार्किन्सन्स. चोवीस तासांच्या बाईचे २८,००० आणि औषधांचे ७,००० तुमच्या मानधनातून जातात, म्हणून राजीनामा देऊन स्वतःच आईचं करावं का, असं विचारता.

नको. २८,००० वाचवायला ६७,००० सोडायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार. त्यात तुम्हाला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. शिवाय कायम पदांच्या जाहिरातींत वयाची अट असते. नोकरीतल्या खंडानंतर परतू पाहणाऱ्या महिला शास्त्रज्ञांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर योजना आहे खरी, पण निवड होईलच असं धरून कुणी राजीनामा देऊ नये.

खरी मेख वेगळीच. आईच्या नावावर २६ लाखांच्या ठेवी, २४,००० फॅमिली पेन्शन, आणि तुम्ही म्हणता ‘त्याला हात लावायचा नाही’. का बरं? आईच्या आजारपणात नाही तर ते पैसे कधी वापरायचे? २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४१,००० येतील, म्हणजे महिन्याला साधारण १३,६००. पेन्शन धरून ३७,६००, खर्च ३५,०००. जेमतेम, पण भागतं. मुदतीआधी ठेव मोडल्याचा दंड बसेल, तो सोसा. उरलेल्या ६ लाखांतून बाईची पगारवाढ निघेल. आईचं आयुष्मान कार्डही काढा. सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. मात्र ते दवाखान्यात भरती झाल्यावरच, बाईच्या पगाराला नाही.

आजाराच्या उपचारखर्चावर आयकरात मिळणाऱ्या वजावटीचं (८०डीडीबी) विसरा. ती जुन्या करप्रणालीत मिळते, आणि तुमच्या वर्षाच्या आठ लाखांवर नव्या प्रणालीत तसाही कर शून्य.

आईचा हात थरथरतो, सही जुळत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. बँकेत घोडं नेमकं तिथंच अडतं! व्याज जमा होणारं बचत खातं दोघींच्या नावे, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघींपैकी कुणा एकीच्याही सहीवर चालणारं) करून घ्या (पेन्शनचं खातं वेगळं ठेवा, त्याचे नियम निराळे). सहीऐवजी अंगठा लावायचा तर साक्षीदार कोण लागतील, हे शाखेत आधीच विचारा.

बंगळूरच्या भावाकडे पैसे मागायला संकोच वाटतो ना? मग दिवस मागा. बाई गणपतीला गावी जाते तो आठवडा त्याचा. आणि ठेवी मोडण्याआधी हा सगळा हिशेब त्याला पाठवा, नंतर कुरबुर नको.