‘चॅन्सेल’ला ‘गाभारा’ म्हणावे का?

मध्ययुगीन इंग्लंडमधील गावच्या चर्चविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘नेव्ह’ला सभामंडप आणि ‘चॅन्सेल’ला गाभारा म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. पहिला शब्द खुशाल वापरावा. दुसऱ्याला माझी हरकत आहे.

‘नेव्ह’ हा लॅटिनमधील जहाजवाचक ‘नाव्हिस’वरून आला असून आपल्या ‘नाव’चा तो दूरचा भाऊबंद आहे. गावकरी जमत ते येथे.

‘चॅन्सेल’ म्हणजे वेदी असलेला पूर्वेकडचा भाग. त्याचे मूळ ‘कान्सेल्ली’, म्हणजे जाळी, कारण हा भाग जाळीने वेगळा केलेला असे. धनादेशावर आडव्यातिडव्या रेघा मारून तो ‘कॅन्सल’ करतात, त्या शब्दाच्या मुळाशीही हीच जाळी आहे. आणि ‘चॅन्सेलर’ हा मुळात न्यायासनापुढच्या जाळीपाशी उभा राहणारा सेवक, हे आपल्या कुलपतींना कदाचित रुचणार नाही.

गाभारा हा शब्द ‘गर्भागार’वरून आलेला, त्यात मूर्ती आणि अंधार दोन्ही गृहीत आहेत. चॅन्सेल याउलट बरेचदा लांबट असते आणि वेदीमागच्या मोठ्या खिडकीतून त्यात सकाळचे ऊन येते. सामान्यांना मज्जाव, एवढेच साम्य खरे. म्हणून मी ‘वेदीगृह’ सुचवतो. ‘वेदी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजात रुळलेलाच आहे. दोन्ही भागांच्या डागडुजीची जबाबदारीही सहसा वेगळी असे, वेदीगृहाची धर्मगुरूकडे आणि सभामंडपाची गावाकडे, त्यामुळे हा भेद अनुवादात पुसला जाऊ नये.

मधल्या ‘रूड स्क्रीन’साठी, म्हणजे ज्याच्यावर मोठा क्रूस उभारलेला असे त्या लाकडी आडोशासाठी, ‘पडदा’ नको. नॉरफकमधील रॅनवर्थच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातला असा आडोसा आजही आहे: खालच्या फळ्यांवर संत रंगवलेले आणि वरचा भाग कोरीव व मोकळा, ज्यातून वेदी दिसावी. ‘क्रूसजाळी’ म्हटले, तर ‘कान्सेल्ली’चा अर्थही आपसूक सांभाळला जातो.

‘अंतरपट’ हा शब्दही मनात आला होता, पण तो धरायचा आणि दूर करायचा असतो. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात वेदीपुढे कापड टांगून पवित्र आठवड्यातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, बुधवारी, येशूच्या मृत्यूसमयी जेरुसलेमच्या मंदिराचा पडदा फाटल्याचे बायबलमधील वचन वाचताना, ते खाली सोडण्याची प्रथा तेव्हा होती; त्या कापडाला मात्र अंतरपट अवश्य म्हणावे.