लतादीदींची सही साडेआठ हजारांत?

प्रश्न : ऑनलाइन विक्रीच्या एका साइटवर लता मंगेशकरांचा सही केलेला कृष्णधवल फोटो आहे. विक्रेता म्हणतो, फोटो 1958 चा, जयप्रभा स्टुडिओतला आणि सहीही त्याच दिवशीची. किंमत साडेआठ हजार, सोबत होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट. बाबांच्या पंचाहत्तरीला द्यावा म्हणते. तुम्ही बँकेत सह्या तपासायचात, म्हणून विचारते. घेऊ का?
(एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमचा स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. नका घेऊ.

आधी पेन बघा. सही काळ्या मार्करची आहे, रेघ सगळीकडे सारख्या जाडीची. शार्पी नावाचा बारीक टोकाचा पक्क्या शाईचा मार्कर अमेरिकेतच 1964 साली बाजारात आला. आता जुन्या फोटोवर मागाहून सही घेता येते, त्यात वावगं काही नाही. पण हा गडी छातीठोकपणे 'त्याच दिवशीची' म्हणतोय. जयप्रभाचं नाव घातलंय ते आपल्यासारख्यांना भुलवायला. स्टुडिओ आधी भालजी पेंढारकरांचा, पुढे लतादीदींच्या मालकीचा, हे कोल्हापुरात कुणीही सांगेल. त्यानं सही खरी ठरत नाही.

आता सही. आम्ही काउंटरला बसायचो तेव्हा नवा क्लार्क चेकवरची सही नमुना सहीशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचा आणि बिचाऱ्या म्हाताऱ्या पेन्शनरांचे चेक परत करायचा. वयानं हात बदलतो. त्यामुळे तुलना करायचीच तर त्याच काळातल्या सहीशी करावी. आणि अक्षराच्या वळणाआधी हाताचा वेग बघावा. सवयीची सही करणाऱ्याचं पेन कागदाला टेकण्याआधीच चालू झालेलं असतं, म्हणून रेघेची दोन्ही टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा सही चितारतो. तुमच्या फोटोत 'मंगेशकर'वरची शिरोरेघ मध्येच दोनदा तुटून परत जोडलीय, आणि शेवटचा फरकाटा जिथं थांबतो तिथं शाईचा गोल ठिपका साचलाय. वर्षानुवर्षं सह्या दिलेल्या हाताला असं थबकायचं कारण काय?

अजून एक करा. त्याच विक्रेत्याकडचे दीदींचे बाकीचे फोटो उघडा आणि मोबाईलवर दोन सह्या एकावर एक ठेवा. तंतोतंत बसल्या तर ती छपाई, शिक्का किंवा पेन धरून सही गिरवणाऱ्या यंत्राची सही. खऱ्या माणसाच्या दोन सह्या अशा कधीच बसत नाहीत. यंत्राचं म्हणाल तर 2022 मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या 'हातानं सही केलेल्या' 900 प्रती प्रत्येकी 599 डॉलरना विकल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या सह्यांचे फोटो ताडून पाहिले, तेव्हा यंत्राचं बिंग फुटलं. प्रकाशकाला पैसे परत द्यावे लागले आणि डिलनना माफी मागावी लागली. तिथं विकणारा खुद्द प्रकाशक होता बरं का!

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर ते विक्रेत्यानंच दिलंय. स्वतःच्या कर्जाला स्वतःच जामीन! होलोग्राम कुठल्याही चांगल्या प्रेसमध्ये करून मिळतो. अमेरिकेत 1990 च्या दशकात एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये बनावट सह्यांची टोळी पकडली. त्यांच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते, आणि असल्या मालालाही सर्टिफिकेटं जोडलेली असायची.

तरीही मन मानत नसेल तर विक्रेत्याकडून तीन फोटो मागवा : मागची बाजू, सहीचा अगदी जवळून, आणि बाजूनं टॉर्च मारून तिरका. चकचकीत फोटोवर मार्करची शाई वेगळी चमकते. छापलेली सही फोटोच्या पृष्ठभागात मुरलेली दिसते, भिंगाखाली बऱ्याचदा ठिपके दिसतात. 'स्टॉकमध्ये असाच फोटो आहे' असं उत्तर आलं की बोलणं तिथंच थांबवा.

बाबांसाठी जुनी ध्वनिमुद्रिका शोधा. जुन्या बाजारात भाव करून मिळेल, आणि ती वाजतेही.

प्रश्न : 1983 च्या विश्वविजेत्या संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या सह्यांची बॅट ऑनलाइन मिळतेय. 'गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात घेतलेल्या सह्या' असं लिहिलंय.
(एक क्रिकेटवेडा, इचलकरंजी)

उत्तर : यशपाल शर्मा 13 जुलै 2021 रोजी गेले. त्यांची सही बॅटवर असेल तर ती गेल्या वर्षीची नाही, आणि नसेल तर 'सगळ्या' हा शब्द खोटा. संघ 14 जणांचा होता, सह्या मोजून घ्या. बॅट हातोहात फिरते तेव्हा कुणी आडवी सही करतो, कुणी तिरकी, कुणाची दुसऱ्याच्या सहीवर चढते. तुमच्या फोटोत सगळ्या एकाच कोनात, एकाच जाडीच्या, ओळीत बसवल्यात. अशा छापील सह्यांच्या बॅटी शोभेची वस्तू म्हणूनही विकतात, काहीशे रुपयांत. त्या भावात मिळाली तर भिंतीला लावायला घ्या.