समजतं सगळं, अडतं वाचताना

प्रश्न : माझी मुलगी सेमी इंग्रजीत नववीला आहे. विज्ञानाचं तोंडी विचारलं तर धडाधड सांगते, पण पेपर अर्धा कोरा येतो. मराठी वाचताना बोट ठेवूनही ओळ सुटते. क्लासचे सर म्हणतात सराव कमी पडतो. शाळेच्या समुपदेशकांना मात्र डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या अक्षमतेची, शंका आहे. दहावी तोंडावर आली. काय करू?
– एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, तपासणी आत्ताच सुरू करा, दहावीची वाट पाहू नका. बोर्डाचे फॉर्म साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतात आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. तोवर प्रमाणपत्र हातात हवं. तपासणी एका फेरीत उरकत नाही: आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. चौकशीची सुरुवात त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये करा. खासगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल शिकवताना फार उपयोगी पडतो, पण सवलतीसाठी सरकारमान्य केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. सोबत प्रगतिपुस्तकं, शाळेचं पत्र आणि तिच्या रोजच्या वह्या न्या. कुणाकडून तरी सुवाच्य उतरवून घेतलेली वही नेऊ नका. खाडाखोड, गाळलेले अनुस्वार, अर्धवट राहिलेली वाक्यं, तपासणाऱ्याला हेच पाहायचं असतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच प्रकार) समावेश आहे, त्यामुळे सवलत मागताना संकोच नको. वेळ तासाला 20 मिनिटं वाढवून मिळतो. मराठीचा तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, विज्ञानाचा दोन तासांचा पेपर दोन तास चाळीस मिनिटांचा. लेखनिकही घेता येतो, पण लेखनिक मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. उत्तर तोंडी सांगणं आणि ते दुसऱ्याला लिहिता येईल अशा वाक्यांत, विरामचिन्हांसकट सांगणं यांत पुष्कळ अंतर आहे. सवय नसेल तर मुलं सुसाट सांगत सुटतात, लिहिणारा मागे पडतो आणि मधले मुद्दे गळतात. म्हणून सहामाहीच्या आधीच घरी एका जुन्या पेपरचा अर्धा भाग तिला स्वतः लिहू द्या आणि अर्धा तिने सांगून दुसऱ्याने लिहावा. कोणत्या भागात मुद्दे जास्त आले ते पाहून ठरवा. हाताने लिहिणं बऱ्यापैकी जमत असेल, तर आमच्या मते नुसता जादा वेळ जास्त भरवशाचा.

आता वाचनाबद्दल. मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे अशी मुलं अक्षर चुकतात कमी आणि रेंगाळतात जास्त. म्हणून प्राथमिक शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही. धडे लांबले, विज्ञान-गणित इंग्रजीतून आलं, की सगळं एकदम अंगावर येतं. ‘त्र्यंबकेश्वर’ हा आपल्या रोजच्या तोंडातला शब्द घ्या. पहिल्याच अक्षरात त, र, य आणि वर अनुस्वार, पुढे ‘श्व’चं जोडाक्षर. ‘ब्रह्मगिरी’त ‘गि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडातून नंतर निघते. आपण हे सगळं एका नजरेत उचलतो, तिला प्रत्येक तुकडा सोडवावा लागतो. शब्द सुटेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून निसटलेली असते.

यासाठी रोज 15 मिनिटं पुरेत, जास्त नको. धड्यातले पाच-सहा अवघड शब्द आधी बाजूला काढा आणि तिलाच पेन्सिलीने तोडू द्या: त्र्यं / ब / के / श्व / र. लांब शब्दांना मागून हात घालायचा. ‘विद्यार्थ्यांच्याकडून’मध्ये ‘कडून’ झाका, मग ‘च्या’ झाका, खाली उरतो तो ओळखीचा विद्यार्थी. नववीच्या मुलीला बाराखडी गिरवायला लावण्यापेक्षा हे तिच्या वयाला शोभतं आणि कामालाही येतं. मग शंभरेक शब्दांचा एकच उतारा घ्या. एकदा तुम्ही मोठ्याने वाचा, एकदा दोघींनी मिळून, एकदा तिने एकटीने. तोच उतारा तीन दिवस. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलवर वेळ लावा. फरक तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवा. ती अडली की तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगून मोकळ्या व्हा, प्रवचन नको. आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. पहिल्यांदा चुकीचा उतरवला, तर तोच दहा वेळा गिरवला जातो.

या 15 मिनिटांत इतिहास-भूगोलाचा अभ्यास कोंबू नका. तो कानाने होऊ द्या. ई-बालभारतीवर पुस्तकं मोफत आहेत. घरातल्या कुणीतरी धडा परिच्छेदागणिक मोबाइलवर वाचून ठेवावा, तिने पुस्तक समोर धरून ऐकावा आणि प्रत्येक परिच्छेदानंतर दोन वाक्यांत सांगावा. प्रमाणपत्र मिळालं की सुगम्य पुस्तकालयाचं, म्हणजे छापील मजकूर वाचायला अडचण असणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचं, सभासदत्वही बघा.

प्रश्न : नात हुशार आहे, पण वाचायचं म्हटलं की टाळते. हा आळस की मोबाइलचा परिणाम? रंगीत काचांच्या चष्म्याने फरक पडतो म्हणतात, खरं का?
– एक आजोबा, सिन्नर

उत्तर : आजोबा, हा डिस्लेक्सियाही असू शकतो आणि तो मोबाइलमुळे होत नाही. तो बहुधा जन्मापासून असतो आणि घराण्यात चालत येतो. तुमच्या पिढीतही कुणी हिशेबाला तरबेज, पण पत्र वाचायचं झालं की दुसऱ्याच्या हातात देणारं होतं का, आठवून बघा. रंगीत काचांनी डिस्लेक्सिया बरा होतो याला आधार नाही. औषधाची गोळीही नाही. नंबर असेल तर साधा चष्मा लावावाच. टाळते म्हणाल, तर ज्या कामात रोज चारचौघांत पडायला होतं ते कुणीही टाळेल. तुम्ही संध्याकाळी तिला पेपरातली एक बातमी वाचून दाखवा आणि तिचं मत विचारा. इतर मुलांशी तुलना मात्र घरात कुणालाच करू देऊ नका. हे काम तुमच्या शब्दाला मान आहे म्हणून तुमच्याकडे.

प्रश्न : वर्गात अचानक वाचायला उभं करतात. मुली हसतात. मी दहावीत आहे. बाईंना काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : वर्गासमोर काही सांगू नकोस. आईला घेऊन बाईंना मधल्या सुट्टीत भेट आणि इतकंच माग : ‘बाई, मला वाचायला सांगणार असाल तर परिच्छेद आदल्या दिवशी सांगा.’ बहुतेक शिक्षक याला नाही म्हणत नाहीत. मिळालेला परिच्छेद घरी चार वेळा मोठ्याने वाच, जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मार, ओळीखाली पट्टी धरून वाच. अचानक उभं केलंच, तर ‘मी उत्तर सांगते, वाचायला दुसऱ्या कुणाला सांगाल का?’ असं विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. हे एक वाक्य घरी आरशासमोर म्हणून ठेव, ऐनवेळी शब्द शोधावे लागणार नाहीत. मैत्रिणींपैकी एकीला मात्र खरं काय ते सांग. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं राहिलं की तिच्या वहीचा फोटो मिळेल.