यॉर्कशायरमध्ये कुरण आणि दगडी गोठा घेण्यापूर्वी

घोडबंदर रोडवरचा फ्लॅट विकून इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्समध्ये डोंगरउतारावरचे कुरण आणि त्यातला जुना दगडी गोठा घ्यावा, गोठ्याचे घर करून तेथे सहकुटुंब राहावे, हे कितपत शक्य आहे, असे आपण विचारले आहे. मी मूळचा ठाण्यातल्या नौपाड्याचा आणि आता डेल्समध्येच राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

जमीन घेणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. आपल्याकडे शेतजमिनीसाठी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. येथे तशी अट नाही आणि परदेशी नागरिकालाही मज्जाव नाही. मात्र सातबारासारखा मालकीचा कागद हाती आला म्हणून येथे राहण्याचा हक्क मिळत नाही. गुंतवणूकदारांचा व्हिसाही फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. त्यामुळे नोकरीचा किंवा अन्य व्हिसा आधी मिळवावा आणि मगच जमीन पाहावी.

खरी अडचण गोठ्याची आहे. डेल्समधल्या स्वेलडेल खोऱ्यात हे गोठे शेतातच उभे असतात. खाली गुरे बांधायची, वर माळ्यावर वाळलेले गवत भरायचे, हिवाळाभर तेच घालायचे आणि शेण त्याच शेतात पसरायचे, अशी ही जुनी व्यवस्था. जाड भिंतीत आरपार बसवलेल्या लांब दगडांची टोके बाहेरून ओळीने दिसतात आणि छपरावरही दगडी फरश्याच असतात. हे रूप टिकावे म्हणूनच बंधने कडक आहेत. इंग्लंडमध्ये अन्यत्र शेतातल्या इमारतीचे घर करण्यासाठी जी सुलभ वाट आहे, ती यॉर्कशायर डेल्ससारख्या राष्ट्रीय उद्यानात लागू होत नाही. उद्यान प्राधिकरणाकडून रीतसर परवानगी घ्यावी लागते. रस्त्यालगतच्या किंवा वस्तीतल्या गोठ्याला ती मिळण्याची शक्यता असते, पण शेताच्या मधोमध एकट्या उभ्या असलेल्या गोठ्याबाबत मी आशा धरणार नाही. आत वटवाघळे असण्याची शक्यता दिसली तर सर्वेक्षण करावे लागते आणि ती बाहेर पडताना मोजायची असल्याने ते उन्हाळ्यातच होते. म्हणून परवानगी हातात नसेल तर किंमत केवळ गवताची आणि गोठ्याची द्यावी, भावी घराची मुळीच देऊ नये.

वकिलाला काही गोष्टी आवर्जून तपासायला सांगा. शेजाऱ्याच्या शेतातून ट्रॅक्टर नेण्याचा हक्क लेखी आहे का, झऱ्याचे पाणी कोणाच्या जमिनीतून येते, खनिजांचे आणि शिकारीचे हक्क जुन्या मालकाने राखून ठेवले आहेत का, आणि पुढे बांधकामाची परवानगी मिळाल्यास वाढलेल्या किमतीत त्याला वाटा देण्याचे कलम आहे का. जमीन लिलावात घेत असाल, तर बोली लागली की साधारण दहा टक्के रक्कम त्याच दिवशी भरावी लागते, म्हणून ही तपासणी आधीच उरकावी.

एकच मेंढी पाळायची असली तरी जागेचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. माझ्या मते पहिली काही वर्षे कुरण शेजारच्या मेंढपाळालाच चराईसाठी द्यावे; कोसळलेला दगडी बांध कसा रचतात, हे त्याच्याकडूनच शिकता येईल.

पैशाचे म्हणाल तर, भारतात निवासी असताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. अनिवासी झाल्यावर फ्लॅट विकलात, तर खरेदीदाराला तुमचा टीडीएस बराच जास्त कापावा लागतो, हे विक्रीची तारीख ठरवण्यापूर्वी सीएला विचारून घ्या. शिवाय अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. मुरबाड-शहापूरकडे जमीन घेण्याचा विचार असेल, तर त्याचा निर्णयही निघण्यापूर्वीच करावा लागेल.