सिंधू दारातून वाहते, मग शेतं कोरडी का?

प्रश्न: जूनमध्ये लेहला जातोय. तिथे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो म्हणतात, मग फोटोत नदीकाठी एवढी हिरवी शेतं कशी? सिंधूचं पाणी देतात का? आणि लोक फक्त टुरिस्टवरच जगतात का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: 100 मिलिमीटर म्हणजे आपल्याकडे जुलैत एका दुपारी पडतो हो तेवढा, लोकल बंद पडते आणि आपण ऑफिसला सुट्टी टाकतो! लेह जिल्ह्यात वर्षभर तेवढ्यावर भागवायचं, हिमालयाची भिंत मान्सूनला आत येऊच देत नाही. आणि गंमत म्हणजे सिंधू समोरून वाहते पण शेतं बहुतेक तिच्या पाण्यावर नाहीतच. नदी खोल, गाव वर. पाणी येतं बाजूच्या नाल्यांतून, म्हणजे वर डोंगरात बर्फ वितळतं ते, छोट्या पाटांनी वळवून. पाळी कोणाची हे ठरवायला गावात चुरपोन नावाचा माणूस असतो, त्याचं ऐकावंच लागतं. (आपल्या सोसायटीतल्या टँकरच्या भांडणांना असा कोणीतरी हवाय.)

खरी गोची वसंतात होते. पेरणी एप्रिल-मेमध्ये, पण उंचावरचं बर्फ वितळतं जून-जुलैत, आणि बहुतेक ठिकाणी वर्षाला पीक एकच, त्यामुळे ती वेळ चुकली की गेलं. म्हणून लडाखचेच इंजिनिअर चेवांग नोरफेल यांनी गावाजवळ खालच्या उंचीवर हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी गोठवून ठेवायची युक्ती काढली, ते लवकर वितळतं. तिथलेच इंजिनिअर सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप त्याच विचारातले, फक्त उभे शंकूसारखे, म्हणजे ऊन कमी लागतं आणि बर्फ वसंतापर्यंत टिकतं.

पिकं म्हणजे सातू, गहू, बटाटा, भाज्या, सिंधूच्या खालच्या अंगाला असलेल्या शाम भागात जर्दाळू. तिथल्या रक्त्से कार्पो जर्दाळूला जीआय (त्या भागाची खासियत म्हणून सरकारी नोंद) आहे, बाजारात दिसला तर नक्की घ्या.

टुरिस्टचं म्हणाल तर पैसा मोठा आहे पण तो मुख्यतः उन्हाळ्यातला. बारमाही आधार लष्कराचा आणि सरकारी नोकरीचा, भाजीपाला पण लष्कर विकत घेतं. 2011 च्या जनगणनेच्या वेळी जिल्हा अवाढव्य, 45,110 चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याच्या जवळपास तिप्पट, आणि माणसं फक्त 1,33,487. पण हॉटेलं वाढली तशा लेह शहरात बोअरवेल पण वाढल्या, तेव्हा अंघोळ जरा आवरती घ्या.

पश्मिना घेणार असाल तर, लोकर पूर्वेकडच्या चांगथांग पठारावरच्या चांगपा या भटक्या पशुपालकांच्या बकऱ्यांची, पण शाली जास्त करून काश्मीरमध्ये विणतात, त्यामुळे बकरी पाळणाऱ्याच्या हातात कच्च्या मालाचाच भाव पडतो.