पतसंस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री ११ पर्यंत मेसेज चालतात, शिस्त कशी लावायची?

तुमची परिस्थिती अशी: निपाणी भागात तीन शाखांची सौहार्द पतसंस्था (कर्नाटकच्या सौहार्द सहकारी कायद्याखालची), पिग्मी म्हणजे रोजची छोटी ठेव गोळा करणारे एजंट धरून ३४ माणसं, सगळी एकाच ग्रुपवर. अध्यक्ष म्हणतात, मोबाईलच्या अतिवापरावर एक व्याख्यान ठेवूया.

व्याख्यान राहू दे. रात्रीचे मेसेज येतात ते बहुतेक कामाची घडीच तशी बसलीय म्हणून. पिग्मीवाले दुकानं बंद व्हायच्या वेळी वसुली करतात, मग हिशेब जुळवून ‘आजची वसुली’ ग्रुपवर टाकतात. त्याखाली मॅनेजरचं ‘ओके’, त्याखाली सगळ्यांचे अंगठे. वसुलीच्या मशीनमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये तोच आकडा आधीच गेलेला असतो! रोकड दुसऱ्या दिवशीच भरायची असेल तर मॅनेजरने तो आकडा सकाळी १० वाजता संगणकावर बघावा. तफावत दिसली तर त्या एका एजंटला फोन करावा. खानापूरच्या जंगलपट्ट्यासारख्या रेंज नसलेल्या गावांत फिरणाऱ्यांना मात्र आकडा पाठवायला सकाळपर्यंतची मुदत द्या.

हे खरंच किती आहे ते आधी मोजा. ग्रुपचा चॅट ‘मीडियाशिवाय’ एक्स्पोर्ट करा आणि गेल्या १४ दिवसांतले रात्री ८ नंतरचे मेसेज चार रकान्यांत मांडा: वसुली, सूचना, विचारणा, शुभेच्छा. नावं बैठकीत वाचू नका. सगळ्यात जास्त मेसेज वरच्या खुर्चीतूनच आलेले निघाले, तर तो कागद अध्यक्षांना एकट्याला दाखवलेला बरा. संचालकांनी स्वतः रात्री लिहिणं थांबवलं नाही, तर खालचं कुणी थांबणार नाही.

मग ग्रुप दोन करा. पहिला फक्त सूचनांचा. ग्रुपच्या परवानग्यांत मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला ठेवा. दुसरा शाखेपुरता, बोलण्यासाठी. एकच ग्रुप ठेवून रोज रात्री कुलूप लावायचं आणि सकाळी उघडायचं, हे आठवडाभरात बंद पडतं, कारण ते हातानेच करावं लागतं.

तातडीचं काम म्हणजे काय, तेही लिहून ठेवा: शाखेचा अलार्म वाजला, एजंटला अपघात झाला किंवा रोकड गेली, ग्राहकाची ऑनलाइन फसवणूक झाली. अशा वेळी मेसेज नको, फोनच. (फसवणुकीत १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आधी, साहेबांना नंतर.) फोन ‘व्यत्यय नको’वर असला तरी, अँड्रॉइडमध्ये पुन्हा फोन करणाऱ्यांची सवलत चालू असेल, तर १५ मिनिटांत त्याच नंबरवरून आलेला दुसरा कॉल वाजतो. ही सेटिंग प्रत्येकाच्या फोनवर बसून लावून द्या. नियमाचा कागद एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असा काढा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त काळजी वाटते ती ग्रुपवर फिरणाऱ्या आधार कार्डांच्या फोटोंची. ग्रुपवर खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक पुरतात. ‘गायब होणारे मेसेज’ ७ दिवसांवर लावा, पण त्यावर फार विसंबू नका. आधीचे मेसेज त्याने जात नाहीत, आणि गॅलरीत आपोआप उतरलेला फोटो तिथेच राहतो. म्हणून फोटो गॅलरीत उतरणं बंद करा आणि जुने एकेक करून पुसायला लावा. नोकरी सोडलेल्या एजंटला ग्रुपमधून काढलं तरी जुना चॅट त्याच्या फोनमध्ये राहतोच. कर्जाची मंजुरी मात्र कधीच ग्रुपवर घेऊ नका. मेसेज गायब झाल्यावर ऑडिटरला काय दाखवाल?

वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. तेवढा दंड छोट्या पतसंस्थेला कुणी लावेल असं नाही. पण माहिती फुटली तर या कायद्याने प्रत्येक बाधित ग्राहकाला कळवावं लागेल, आणि आपल्याकडच्या गावात ठेवी काढायला तेवढं निमित्त पुरतं.

एक गोष्ट मात्र करू नका: कर्मचाऱ्यांच्या खाजगी फोनमधल्या ‘स्क्रीन टाइम’चे स्क्रीनशॉट मागवू नका. ती पाळत झाली. मोजायचे ते ग्रुपवरचे रात्रीचे मेसेज, त्याच चार रकान्यांत, ३० दिवसांनी आणि परत ९० दिवसांनी. वसुलीचा रकाना रिकामा झाला नसेल, तर कुठला तरी मॅनेजर अजून ग्रुपवर आकडा मागतोय असं समजा.